बातमी फुरशाची, फोटो अमेरिकेतल्या सापाचा

संपादक साहेब, नमस्कार.

सोयाबीन काढणी सुरू झाली की गंजीखाली नाहीतर बांधावरच्या दगडात फुरसं निघतंच, त्यात नवीन काही नाही, पण हल्ली त्या बातमीला नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजला जो फोटो चिकटवलेला असतो तो कधीकधी चक्क बारक्या रॅटलस्नेकचा, म्हणजे शेपटीला वाजणारा खुळखुळा असलेल्या विषारी सापाचा असतो, आणि मग शेतातल्या आखाड्यावर जो तो सापाच्या शेपटीला खुळखुळा शोधत बसतो. अहो, रॅटलस्नेक आपल्याकडं नाहीच, तो कॅनडापासून अर्जेंटिनापर्यंतचा.

आता फोटो लावणाराचा घोळ का होतो तेही बघा. फ्लोरिडाकडचा पिग्मी रॅटलस्नेक दीड-दोन फुटाचाच, त्याचा खुळखुळा एवढासा की फोटोत दिसत नाही आणि आवाज रातकिड्यासारखा, जरा लांब गेलं की ऐकूच येत नाही. पिलाला तर नुसतं एक बटण (खुळखुळ्याची पहिली कडी), ते वाजतच नाही. म्हणून तिकडची जाणती माणसं शेपटी सोडून डोकं बघतात. पिग्मी आणि मॅसासॉगा (हाही एक रॅटलस्नेकच) या दोघांच्या डोक्यावर नऊ मोठे खवले असतात, आपल्या धामणीच्या डोक्यावर असतात तसे, बाकीच्या रॅटलस्नेकच्या डोक्यावर बहुतेक बारीक बारीकच. मग या दोघांत पिग्मी कोणता तर ज्याची शेपूट बारीक आणि पाठीवर मधोमध बऱ्याचदा तांबूस पट्टा, मॅसासॉगा अंगानं जाड आणि त्याचा खुळखुळा त्यामानानं मोठा.

अ‍ॅरिझोनाच्या डोंगरात अजून तीन बारके आहेत. ट्विन-स्पॉटेडच्या पाठीवर ठिपक्यांच्या दोन रांगा, रॉक रॅटलस्नेकला आडवे पट्टे, आणि रिज-नोज्डच्या नाकाची कड वर उचललेली (हा 1986 पासून त्या राज्याचा मानाचा सरपटणारा प्राणी आहे, म्हणजे आपल्या शेकरूसारखं). डोळ्यावर शिंगं दिसली तर तो वाळवंटातला साइडवाइंडर. हाच व्हिडिओत जास्त फसवतो कारण तो तिरका सरकतो आणि आपलं फुरसंही तिरकंच सरकतं.

पण फुरशाला खुळखुळा नसतो, ते अंगाचे करवती खवले एकमेकांवर घासून आवाज काढतं, डोक्यावर बाणासारखी फिकट खूण असते. आणि रॅटलस्नेकच्या डोळा नि नाकपुडीच्या मधे एक खळगा असतो तो फुरशाला नाही, फोटो जवळून काढलेला असला की एवढ्यावरूनच कळतं.

चावल्यावर मात्र फोटो जुळवत बसू नये, सरळ सरकारी दवाखाना गाठावा, आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरही चालते, साप मारून पिशवीत घालून न्यायची काहीच गरज नाही.

तुम्हाला एवढंच सांगणं की काढणीच्या दिवसात एकदा फुरशाचा खरा फोटो छापा, डोकं नीट दिसेल असा, मराठवाड्यातच काढलेला, आणि खाली गावाचं नाव टाका.

आपला नेहमीचा वाचक,
जि. परभणी