राजारामपुरीतल्या त्या दोघांचे आभार

दुकानदारानं जुन्या कॉम्प्युटरवरचं सगळं नव्या लॅपटॉपवर ओतून दिलं, पण पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला माझा प्रोजेक्ट काही केल्या चालेना. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यावर शेजारी बसलेल्या दोन पोरांनी लॅपटॉप सरळ आपल्याकडं ओढला. व्हेन्व (venv) फोल्डरातली, म्हणजे प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथॉन आणि लायब्रऱ्या (तयार कोड) ठेवतात त्या फोल्डरातली, पायव्हेन्व डॉट सीएफजी (pyvenv.cfg) ही सेटिंगची फाईल उघडून दाखवली. 'होम'पुढं जुन्या मशीनवरच्या पायथॉनचाच पत्ता! "काका, हे फोल्डर असं उचलून आणून चालत नसतंय. नवीनच करायचं." जुनं उडवलं, नवं बनवलं, रिक्वायरमेंट्सच्या, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या, यादीवरून पिपनं (लायब्रऱ्या बसवायचं पायथॉनचं साधन) त्या परत घेतल्या. (यादी आधीच काढून ठेवलेली, नशीब!) चहाचे पैसेपण त्यांनीच दिले, नावं विचारेपर्यंत गाडीला किक. लई उपकार झाले बघा, पोरांनो. मिसळ माझ्याकडं लागली.