आधी गळती शोधा, मग कवटीला भोक पाडा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

चाळिशीतला रुग्ण. कुठे पडलेला नाही, रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही, तरी सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंना रक्त साचलेले. असा रुग्ण बऱ्याचदा थेट ‘बर होल’साठी, म्हणजे कवटीला भोक पाडून रक्त काढण्यासाठी, पुढे पाठवला जातो. आमची हरकत या घाईला आहे.

मणक्यातले आवरण फाटले की मेंदूभोवतीचे पाणी, म्हणजे सीएसएफ, गळू लागते. मेंदू खाली बसतो, वरच्या शिरा ताणल्या जातात आणि मोकळ्या झालेल्या जागेत आधी पाणी, मग रक्त साचते. गळती तशीच ठेवून रक्त काढले, तर कवटीतला उरलासुरला दाबही उतरतो. रक्त पुन्हा साचते आणि काही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर उलट गुंगीत जातात.

विचारायचे एवढेच: उभे राहिल्यावर डोके दुखते आणि आडवे झाल्यावर उतरते का? सुरुवातीला तसे होत होते का, हेही विचारावे, कारण रक्त वाढले की दुखणे दिवसभराचे होते आणि ही खूण पुसली जाते.

‘हो’ आले तर गॅडोलिनियम (चित्र उठावदार करणारे कॉन्ट्रास्ट औषध) देऊन मेंदूचा एमआरआय करावा. गळती असेल तर त्यात मेंदूचे जाड आवरण सर्वत्र एकसारखे, गुळगुळीत चमकते, पिट्युटरी ग्रंथी फुगते, मेंदू खाली सरकलेला दिसतो. हीच चमक पाहून क्षयाचा संशय येतो आणि एकेटी (क्षयावरची औषधे) सुरू होते, हा आपल्याकडचा खास धोका. कमरेतून पाणी काढून दाब मोजण्यावर भिस्त ठेवू नये. गळती असूनही अनेकांचा दाब ६० मिलिमीटरच्या वरच, म्हणजे नॉर्मल भरतो. त्यापेक्षा संपूर्ण मणक्याचा एमआरआय उपयोगी.

उपचार, म्हणजे ‘ब्लड पॅच’, स्वस्त आहे. रुग्णाच्याच हातातून निर्जंतुक पद्धतीने साधारण २० मिली रक्त घ्यायचे आणि लगेच एपिड्युरल सुईने कमरेत, मणक्यातल्या आवरणाबाहेर, हळूहळू सोडायचे. पाठीत दाब किंवा कळ वाढली की थांबायचे. आधी प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) पाहायचे. पुढचे चार-सहा आठवडे वाकणे, वजन उचलणे बंद. एका पॅचने भागले नाही तर दुसरा द्यावा. तरीही नाही, तर मायलोग्रामने (मणक्यात कॉन्ट्रास्ट सोडून काढलेल्या चित्राने) गळतीची नेमकी जागा शोधावी. पॅचनंतर डोकेदुखी कपाळावर आली आणि आडवे झाल्यावर वाढू लागली, तर ती दाब वाढल्याची. तिथे पुन्हा पॅच देऊ नये.

शुद्ध हरपत असेल, डोळ्याची बाहुली मोठी होत असेल, तर अर्थात रक्त तातडीने काढावेच. पण रुग्ण दाखल असतानाच गळतीही बुजवावी.

सिझेरियनच्या वेळी कमरेत दिलेल्या भुलीनंतरही क्वचित हेच घडते. ‘भुलीचे डोके दुखतेय, पाणी पी’ म्हणून बाळंतिणीला घरी पाठवले जाते. दुखणे आठवड्यावर गेले किंवा आडवे होऊनही थांबेना, तर सीटी हवाच.

आपल्याकडे मागणी अशी: इजा नसताना साठीच्या आतल्या रुग्णात सबड्युरल (मेंदूच्या जाड आवरणाखाली साचलेले रक्त) दिसला, तर तब्येत स्थिर असेल तोवर कॉन्ट्रास्ट एमआरआय झाल्याशिवाय बर होल नाही, असे परिपत्रक काढावे. ब्लड पॅचला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत स्पष्ट, स्वतंत्र जागा असावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयातल्या एका भूलतज्ज्ञाला त्याचे प्रशिक्षण मिळावे. एपिड्युरल त्यांना येतेच, नवीन शिकायचे थोडेच आहे.

आपले,
मेंदूविकार, न्यूरोसर्जरी व रेडिओलॉजी विभागांतले डॉक्टर