उपकरण आधी आपल्या माणसांच्या हातावर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाडी, ऑक्सिजन, झोप मोजणाऱ्या मनगटी घड्याळांविषयी हल्ली सतत वाचायला मिळतं. २०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे, तेव्हा आरोग्याच्या नव्या उपकरणांची चर्चा नाशकात वाढणारच. माझं म्हणणं असं, की ही उपकरणं ज्यांच्या हातावर चढवायची, त्यांच्या हातावर ती आधी तपासून घ्यावीत. ते काम नाशिकमध्येच व्हावं आणि इथल्या विद्यापीठांनी एकत्र बसून करावं. मी दिंडोरी तालुक्यात आधी आरोग्यसेविका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे, पण हात धरून नाडी बघायची सवय सुटलेली नाही.

हे पत्र लिहायला कारण झालं आमच्या शेजारची मुलगी. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिने नाडी मोजणारा पट्टा तयार केला आणि वर्गातल्या मैत्रिणींवर वापरून पाहिला. "मावशी, तुमच्याही हातावर बघू का?" म्हणून ती आली, तेव्हा पेठकडून रानभाजी घेऊन येणाऱ्या आजी आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. माझ्या मनगटावर आकडा लगेच आला. आजींच्या दोन्ही मनगटांवर मात्र लहानपणी काढलेलं दाट हिरवं गोंदण आहे, त्यावर काचेच्या बांगड्या. बांगड्या वर सारून पट्टा बांधला, तर कधी ११८, कधी नुसत्या आडव्या रेघा. मी बोटं ठेवून मोजली, नाडी ८४ होती, अगदी शांत आणि नियमित. पट्टा गोंदणाच्या वर, कोपराकडे सरकवला तेव्हा आकडा जुळला. त्या मुलीने ते सगळं वहीत टिपून घेतलं, याचं मला फार बरं वाटलं. वर्गातल्या मैत्रिणींवर चाचण्या घेत राहिली असती, तर हे तिला कधीच दिसलं नसतं.

यात गूढ काही नाही. घड्याळाच्या पाठीमागून हिरवा प्रकाश कातडीत जातो. ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. गोंदणाची शाई हा प्रकाश अडवते. काही गोंदणांमुळे आपलं घड्याळ नाडी नीट मोजू शकत नाही, असं ॲपल कंपनी स्वतःच सांगते. कातडीला रंग देणारं मेलॅनिन हे द्रव्यही हिरवा प्रकाश शोषतं. सावळ्या माणसांच्या नाडीच्या आकड्यात त्यामुळे किती फरक पडतो, यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण कोकणा, वारली, महादेव कोळी बायकांच्या गोंदलेल्या मनगटांवर कुणी पद्धतशीर मोजमाप घ्यायचं? ते अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये होणार नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे तालुके आपल्या जिल्ह्यात आहेत.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची हकिगत तर सगळ्यांनी वाचावी अशी आहे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्यामागचं तत्त्व मांडलं. एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बोटातून पलीकडे पाठवायचा आणि कोणता किती शोषला गेला त्यावरून रक्तातला ऑक्सिजन काढायचा. कोविडमध्ये हे यंत्र घरोघरी पोहोचलं. तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ एमी मोरान-थॉमस यांना घरच्या आजारपणात प्रश्न पडला, की हे यंत्र सगळ्या रंगांच्या कातडीवर सारखंच चालतं का? त्यांनी जुने शोधनिबंध धुंडाळले. काळ्या कातडीवर ते ऑक्सिजन जास्त दाखवतं, हे १९९० आणि २००५ मध्येच लिहून ठेवलेलं होतं. त्यांचा लेख मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांच्या वाचनात आला आणि त्यांनी आपल्याकडच्या नोंदी काढून बघितल्या. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन, असं गोऱ्या रुग्णांत १०० पैकी ४ हून कमी वेळा आढळलं. कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास १२ वेळा. डिसेंबर २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यानंतर औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने सावधगिरीची सूचना काढली. तपासणारे डॉक्टर होते, पण प्रश्न उचलून धरला तो समाजाचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी. म्हणून मी एकत्र बसण्याचा आग्रह धरते.

आपल्याकडेही २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई आणि सोबतच्या पथकांनी घरोघरी जाऊन ऑक्सिजन मोजला. द्राक्षबागेच्या कामाला आलेल्या मजुरांच्या पालांवरही त्या जात. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावून डागाळलेली बोटं, कात्रीने पडलेले घट्टे, काही बायकांच्या नखांना मेंदी. पुढे निफाडची थंडी सुरू झाली की बोटं गार पडायची आणि यंत्र आकडाच धरायचं नाही. मग हात चोळायचे, काखेत धरायला सांगायचं, पुन्हा लावायचं. एका माणसाचा आकडा ९५ होता, पण बोलताना तो वाक्य पुरं करू शकत नव्हता. मी त्याच्या पोटावर नजर ठेवून मिनिटभर श्वास मोजले, ते ३४ भरले. त्याला लगेच पुढे पाठवलं. कातडीच्या रंगामुळे तसं झालं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. मात्र आकड्यावर विसंबून त्याला घरी ठेवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

त्यात पुन्हा रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईचाही ऑक्सिमीटर ९८ दाखवू शकतो, कारण आहे त्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती बसला एवढंच तो सांगतो. मुळात हिमोग्लोबिनच कमी आहे हे त्याला कळत नाही. घड्याळावर हिरवी खूण बघून "सगळं ठीक" म्हणणारी बाई जिना चढताना धापा टाकत असते. आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे आणि त्यात तर ऑक्सिमीटरच्या आकड्यावर आणखीच कमी भरवसा ठेवावा लागतो.

आता नाशिककडे बघा. दिंडोरी रोडला म्हसरूळच्या बाजूला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून. गंगापूर धरणाच्या बाजूला गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. त्याचे विद्यार्थी शेतकरी आहेत, गृहिणी आहेत, नोकरी सांभाळून शिकणारे आहेत. इंजिनिअरिंगची महाविद्यालयं तर भरपूर. मागच्या सिंहस्थाच्या आधी मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने इथे कुंभमेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधणारा 'कुंभथॉन' झाला. बाहेरचे संशोधक आणि आपल्या महाविद्यालयांतली मुलं एका टेबलाशी बसली. म्हणजे या गावाला ते जमतं.

सुरुवातीला मोठा निधीही लागणार नाही. ऑक्सिजनची खरी पडताळणी धमनीतल्या रक्तावरच होते. त्यासाठी मनगटात खोल सुई घालावी लागते आणि ती दुखते, म्हणून निरोगी माणसाला उगाच टोचू नये. पण अतिदक्षता विभागात ही तपासणी रोज होतेच. त्याच क्षणाचा ऑक्सिमीटरचा आकडा आणि रुग्णाच्या कातडीचा रंग केसपेपरवर लिहिला, तर वर्षभरात आपल्याच लोकांची माहिती जमेल. रंगही अंदाजाने "सावळा", "गव्हाळ" लिहून चालणार नाही. त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये सुरू केलेली आणि पुढे सहा प्रकारांची झालेली पद्धत मुळात उन्हाने कातडी कशी भाजते यावर बेतलेली आहे. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी गुगलने २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. अशी पट्टी हाताशेजारी धरून नोंद घ्यावी. जातीवरून किंवा गावावरून रंग ठरवायचा नाही, हे आधीच बजावून सांगावं लागेल.

गावातल्या चाचण्यांत आशाताईंना फक्त फॉर्म भरायला लावू नका. कोणत्या बाईच्या हाताला गोंदण आहे, कोण दिवसभर फवारणीत असतो, कोण यंत्र बघून घाबरतो, हे त्यांना ठाऊक असतं. चाचणी कशी घ्यायची हे ठरवताना त्या खोलीत हव्यात, आणि त्या वेळेचा मोबदला मिळायला हवा. संमतीपत्र मराठीत छापून अंगठा घेतला म्हणजे संमती झाली नाही. कोकणा बोली बोलणाऱ्या घरात ते त्याच बोलीत समजावून सांगितलं पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, तोही पाळला जावा. अभ्यास संपला की निष्कर्ष गावात येऊन सांगावेत. माझ्या नोकरीत रक्ताचे नमुने घेऊन गेलेल्या किती तरी गाड्या पाहिल्या. त्या पाड्यावर निकाल सांगायला पुन्हा कुणी फिरकलं नाही.

एक मागणी आणखी. रोज १० हजार पावलं चाला, असं घड्याळ सांगतं. हा आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्राबरोबर रूढ झाला. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी करणाऱ्या बाईला चालण्याची आठवण करून देण्याची गरज नाही. तिला हवं आहे ते "आता सावलीत बस, पाणी पी" असं वेळेवर सांगणारं यंत्र, आणि ते ऐकून तिला बसू देणारा बागाईतदार. पहिल्यासाठी इंजिनिअर आणि डॉक्टर लागतील, दुसऱ्यासाठी शेतीतले आणि समाजशास्त्रातले लोक. दोन्ही विद्यापीठांच्या कुलगुरूंनी एवढा एकच विषय घेऊन पहिली बैठक बोलवावी. दिंडोरी-पेठ भागातल्या आशाताईंशी त्यांची गाठ घालून द्यायला आणि पाड्यांवर सोबत यायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
म्हसरूळ, नाशिक