इंजिनाच्या खोक्यात गादीचा फोम नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत कोकण किनाऱ्यावर बोटींची डागडुजी चालते. प्रवासी लाँचही पावसाळ्यात बांधून ठेवलेल्या असतात. तळाला रंग लागतो, पाण्यातला पंखा उतरतो, इंजिनाचं तेल आणि फिल्टर बदलले जातात. इंजिनावरच्या खोक्याला आतून लावलेलं, आवाज रोखणारं अस्तर मात्र कुणाच्या यादीत नसतं. क्वचित ते बदललं गेलंच, तर त्या जागी गादीवाल्याकडचा फोम चिकटवला जातो. या पत्राचं कारण हा फोम.

अस्तर गेलं आहे की नाही, हे बोटानं कळतं. दाबल्यावर खड्डा तसाच राहिला, हाताला काळा चिकट भुगा लागला किंवा चंदेरी कागद फुगून सुटला असेल, तर ते संपलं. पॉलिएस्टर जातीचा फोम उष्णता आणि दमट हवा एकत्र मिळाली की आतून कुजतो आणि आपल्या किनाऱ्यावर दोन्ही भरपूर. सुटलेला भुगा एअर फिल्टरमध्ये ओढला जातो, उरलेला तळात पडून, तिथलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची जाळी तुंबवतो. सुटलेला कागद बेल्टमध्ये गुंडाळला जातो. तो अॅल्युमिनियमचा असल्यामुळे स्टार्टरच्या टर्मिनलवर पडला तर शॉर्टसर्किटही करतो. पण सगळ्यात मोठा धोका डिझेलचा. उघडा फोम स्पंजासारखा डिझेल पितो आणि मग गरम इंजिनाच्या डोक्यावर एक भिजलेला बोळा टांगलेला राहतो.

खऱ्या अस्तरात दोन वेगळी कामं करणारे थर असतात. मधला जड पडदा (शिसं किंवा भरीव व्हिनाइल, चौरस मीटरला सुमारे ५ किलो) आवाजाला बाहेर पडू देत नाही. इंजिनाकडचा २५ ते ४० मिलिमीटरचा फोम खोक्यात घुमणारा आवाज पितो. पडदा आणि लाकूड यांच्यामध्ये फोमचा एक पातळ थर असतो, म्हणजे पडद्याची थरथर लाकडात उतरत नाही. सर्वांत वर तेल न शोषणारा पातळ चंदेरी पापुद्रा. ही बाजू इंजिनाकडेच यायला हवी. उलटी लावलेली अस्तरंही पाहायला मिळतात.

गादीच्या फोमला वजन नसतं, त्यामुळे इंजिनाचा जाडा, खालचा आवाज त्यातून सहज पार होतो. शिवाय तो चटकन पेटतो. थर्माकोल आवाज जवळपास शोषतच नाही आणि कॉन्टॅक्ट गोंदातल्या द्रावकानं विरघळतो. अंड्यांचे ट्रे आणि सतरंज्या यांच्याबद्दल न बोललेलंच बरं. माल घेताना फोम आगरोधक आहे का, हे लेखी विचारावं. नुसत्या उत्तराच्या भरवशावर राहू नये. छोटा तुकडा मागून बोटीपासून दूर, मोकळ्या हवेत काडी लावून पाहावा. ज्वाला काढल्यावर तो स्वतःहून विझला पाहिजे.

सहा सिलिंडरच्या लाँचवरचा खोका १५० × ९० आणि उंची ९० सेंटिमीटर धरला, तर वरचं झाकण आणि चार बाजू मिळून ५.७ चौरस मीटर होतात. कापण्यात वाया जाणारं धरून साडेसहा चौरस मीटर घ्यावं. दोन्ही पृष्ठभागांना लावायला गोंद चार लिटरच्या आसपास लागतो. अस्तराचं वजन ३५ ते ४० किलो भरतं, त्यातले नऊएक किलो एकट्या झाकणावर येतात. जुने बिजागर आणि टेकू ते पेलतील का, हे आधीच पाहावं. झाकण हातावर पडून बोटं जायबंदी व्हायला नकोत.

जुनं काढण्याआधी ते नीट न्याहाळावं. मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळाच्या) वर एकाच जागी तपकिरी डाग असेल, तर तिथलं उष्णतारोधक वेष्टन सुटलेलं आहे. काजळीची रेघ असेल, तर धुराचा गॅस गळतो आहे आणि त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. ते दुरुस्त होईपर्यंत नवं अस्तर लावण्यात अर्थ नाही. इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी माउंट दबले असतील किंवा पंख्याचा शाफ्ट सरळ रेषेत नसेल, तर तो धडधडाट लाकडातून चढतो. फोम त्याला काही करू शकत नाही.

खोक्याचे भाग शक्यतो उतरवून शेडमध्ये न्यावेत. फोम रुंद पटाशीनं खरवडावा. मशीनला तारेचा ब्रश लावून घासू नये, कारण जुन्या अस्तरात शिशाचा पत्रा असेल तर त्याची धूळ श्वासात जाते. हातमोजे आणि मास्क हवेतच. शिसं वेगळं ठेवून भंगारात द्यावं. फोम किनाऱ्यावर पेटवू नये, त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो. गोंदाचे उरलेले पोपडे फायबरवरून अॅसिटोननं निघतात. रंगवलेल्या लाकडावर अॅसिटोन वापरला तर रंगच सुटेल, तिथे पॉलिश पेपर बरा.

पावसाळ्यात बहुतेक कामं बिघडतात ती गोंदापाशी. कॉन्टॅक्ट गोंदातलं द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढुरकी साय येते. अशा सायीवर चिकटवलेलं अस्तर पहिल्याच आठवड्यात लोंबकळतं. म्हणून फळ्या आधी बंद खोलीत कोरड्या आणि कोमट करून घ्याव्यात, गोंद उघडीप असलेल्या दुपारी लावावा. बोटाला न चिकटण्याइतका सुकला की मगच जोडावं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही; मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून तो हळूहळू ओढत जावं. गोंद लावल्यावर हॅलोजन दिवा, शेगडी, विडी काहीही जवळ नको. काम बोटीतच करावं लागलं तर बॅटरीचा मेन स्विच बंद हवा, कारण त्या वाफा हवेपेक्षा जड असतात आणि तळात साचून राहतात.

नुसत्या गोंदावर भरवसा ठेवू नये, विशेषतः झाकणाच्या आतल्या बाजूला. दर ३० सेंटिमीटरवर ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि ३० मिलिमीटरचा रुंद वॉशर द्यावा. फोम चेपेपर्यंत आवळू नये. कडा, सांधे आणि स्क्रूंची डोकी अॅल्युमिनियम टेपनं बंद करावीत. डिझेल शिरतं ते नेहमी उघड्या कडेतूनच. तुकडे धारदार लांब सुरीनं दोन-तीन मिलिमीटर मोठेच कापावेत, म्हणजे सांधा घट्ट बसतो. बेल्टपासून किमान ५ सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे.

एवढं करूनही खोका डेकवर टेकतो तिथे चहूबाजूंनी सव्वा सेंटिमीटर फट राहिली, तर ती एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्का होते. एक टक्का फट असेल तर अस्तर कितीही भारी असो, आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त उतरत नाही. खालच्या कडेला ईपीडीएम (ऊन-पाणी सोसणाऱ्या) रबराची पट्टी आणि ती दाबून धरणाऱ्या कड्या बसवणं हे सगळ्यात स्वस्त काम, आणि तेच राहून जातं. मात्र फटी बुजवण्याच्या भरात हवेची वाट बुजवू नये. टर्बो नसलेलं ६ लिटरचं इंजिन २००० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे ५ घनमीटर हवा ओढतं. तिला निदान १३ × १३ सेंटिमीटरची मोकळी वाट लागते, खोका थंड ठेवायला त्याहून जास्त. ही वाट सरळ भोक न ठेवता आतून अस्तर लावलेल्या, दोन वळणं घेणाऱ्या पेटीतून काढावी. हवा वळते, आवाज बराचसा आत राहतो. हवा कमी पडल्याचं लक्षण म्हणजे काळा धूर आणि चढतं तापमान.

बऱ्याच लाँचवर प्रवासी या खोक्याला टेकून, कधी त्यावरच बसतात, आणि खलाशी दिवसभर तिथेच वावरतो. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर राहिलं की कानाला कायमची इजा होऊ लागते. वार्षिक तपासणीत जीवरक्षक जाकिटं मोजली जातात, ती मोजलीच पाहिजेत. त्याच वेळी खोक्याचं झाकण उघडून अस्तराला हात लावून पाहायला दोन मिनिटं पुरतात. तपासणीच्या नमुन्यात तेवढी एक ओळ वाढवावी, ही संबंधित खात्याला विनंती.

आपला,
एक लाँचदुरुस्ती कारागीर, रत्नागिरी