"आधी मोज, मग पार्ट मागव" म्हणणाऱ्या दादांना, सगळ्यांसमोर थँक्यू

दादा नमस्कार,

गाडी दुरुस्त करताना केलेल्या मदतीचे फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे रे, सकाळी व्होल्टेज किती आलं ते सांग" म्हणून विषय बदलता, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, टाकलेलं तुम्हाला आवडणार नाही माहितीये. पण जुनी लक्झरी सेडान हौसेने घेऊन आता डोक्याला हात लावून बसलेले माझ्यासारखे अजून बरेच असतील, त्यांच्याही उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितो, तुम्ही हसलात तरी चालेल.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा काय अवस्था होती आठवतंय ना? किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर आधी एबीएस, मग सस्पेन्शन, मग स्टिअरिंग, आणि मूड असेल तर गिअरबॉक्सपण लिंप मोडमध्ये (स्वतःला वाचवायला जेमतेम चालायचं). स्कॅनर लावला तर बिघाडाच्या कोडची यादी स्क्रोल करूनही संपेना. एका गॅरेजमध्ये म्हणाले सस्पेन्शनमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर गेलाय, दुसरीकडे सांगितलं गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) बदलावं लागेल, आणि दोघांनीही मल्टिमीटर काही हातात घेतला नव्हता. तुम्ही फोनवर सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, रात्रभर उभी राहिल्यावर, दार उघडायच्या आधी, बॅटरीवर किती व्होल्ट दिसतात?

दिसत होते १२ च्याही खाली. चांगली चार्ज झालेली बॅटरी आरामात असताना साधारण १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी, आणि अशा बॅटरीवर स्टार्टर फिरला की व्होल्टेज इतकं पडतं की गाडीतला प्रत्येक कंट्रोल युनिट आपापली तक्रार नोंदवून मोकळा होतो. तेव्हा तुम्ही म्हणालात की यादीत "व्होल्टेज कमी" आणि "संपर्क तुटला" असं लिहिलेले किती आहेत ते बघ, यादीचा फोटो काढून ठेव, बॅटरी फुल चार्ज कर, सगळे कोड पुसून टाक आणि मग जे परत येतील तेवढेच खरे धर. परत आला फक्त सस्पेन्शनचा. मेकॅट्रॉनिक ठणठणीत होतं!! नुसत्या या एका सल्ल्यासाठीसुद्धा हे पत्र लिहिलं असतं.

पण बॅटरी उतरत का होती हा प्रश्न उरलाच होता, आणि तो शोध तुम्ही ज्या पद्धतीने घ्यायला लावलात ते मला सगळ्यात भारी वाटलं. बॉनेट आणि डिकी उघडी ठेवायची पण त्यांचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करायचं म्हणजे गाडीला वाटतं सगळं बंद आहे, किल्ली लांब नेऊन ठेवायची, आणि मग गप्प बसून राहायचं, कारण या गाड्यांचे मॉड्यूल (म्हणजे तेच कंट्रोल युनिट) एकेक करून झोपतात आणि त्याला अर्धा तासही लागतो. झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत करंट हवा. माझ्याकडे अर्ध्या अँपिअरच्या खाली यायलाच तयार नाही. तुम्ही लगेच हिशोब मांडलात, अर्धा अँपिअर म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-अवर, म्हणजे ९० अँपिअर-अवरची बॅटरी न चालवता ठेवली तर आठवड्याभरात आडवी. मी फ्यूज उपसायला निघालो होतो तर तुम्ही थांबवलंत, फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि सगळं पहिल्यापासून. त्याऐवजी फ्यूजच्या डोक्यावर जे दोन उघडे टोकं असतात तिथे मीटर मिलिव्होल्टवर लावून बघायचं, ज्यातून करंट जात नाही तिथे शून्य, जातोय तिथे थोडं का होईना काहीतरी दिसतं. सगळे शून्य आणि डिकीतला एक फ्यूज मात्र आकडा दाखवतोय.

त्या फ्यूजच्या मागे निघाला आधीच्या मालकाने बसवलेला अँप्लिफायर. त्याला चालू-बंद करणारी रिमोटची वायर गाडी बंद झाल्यावर बंद होणाऱ्या लाइनवर हवी होती, ती सरळ बॅटरीच्या कायम चालू प्लसला जोडलेली, म्हणजे तो बिचारा रात्रंदिवस जागा. म्हणजे बघा, कॉम्प्रेसर, मेकॅट्रॉनिक, सगळ्यांवर आळ, आणि खरा चोर म्हणजे हौसेने लावलेली एक ऍक्सेसरी! अँप काढला, करंट खाली आला, नवीन बॅटरी एजीएम प्रकारचीच (आतलं ऍसिड काचतंतूंच्या थरात शोषलेलं असतं ती) घेतली, ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये रजिस्टर करून घेतली, कारण नाहीतर गाडी जुन्याच बॅटरीच्या हिशोबाने चार्ज करत राहते, आणि डिकीतल्या बॅटरीची गॅस बाहेर जायची नळी आठवणीने परत लावली. ही नळी बरेच जण विसरतात असं तुम्ही म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितोय.

सस्पेन्शनचं दुखणं मात्र खरं होतं. पुढचा एक कोपरा सकाळी बसलेला असायचा. साबणाचं पाणी मारून बघितलं तर एअर स्प्रिंगचं (हवा भरलेल्या फुग्यासारख्या स्प्रिंगचं) रबर जिथे दुमडतं तिथेच बुडबुडे. तुम्ही म्हणालात यात चालढकल नको, गळती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त वेळ पळतो, तापतो आणि मग तोही जातो. काहीजणांनी सांगितलं होतं एअर काढून साध्या कॉइल स्प्रिंग टाक, कटकट मिटेल. मिटली असती बहुतेक, पण मग ही गाडी घेतली कशाला? आणि एअर सस्पेन्शनवाल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय हातसुद्धा घालायचा नाही हे तुम्ही ज्या आवाजात सांगितलंत तो आवाज अजून कानात आहे.

म्युझिक बंद पडलं होतं त्याचं थोडक्यात लिहितो. आवाज नाही, नेव्हिगेशन नाही, स्क्रीन काळी. मला वाटलं हेड युनिट मेलं. तुम्ही समजावलंत की या गाड्यांमध्ये ऑडिओचे सगळे डबे ऑप्टिकल फायबरच्या एकाच रिंगमध्ये असतात (ही मोस्ट नावाची पद्धत २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजमध्ये पहिल्यांदा आली, मग बाकीच्यांनीही उचलली), प्रकाश एकातून दुसऱ्यात फिरत जातो आणि एक डबा मेला की सगळे गप्प. लूपचा छोटासा कनेक्टर (डब्याच्या जागी लावला की प्रकाश पुढे जाऊ देणारा) घेऊन एकेक डबा बाजूला काढत गेलो, सीडी चेंजर बाजूला काढला आणि गाडी बोलायला लागली. सीडी आता ऐकतं कोण, चेंजर कायमचा बाहेर आणि ऑक्सला (बाहेरचं म्युझिक जोडायच्या सॉकेटला) ब्लूटूथ अडॅप्टर, झालं काम.

आता सजावटीचं. इथे आपलं जरा वाजलं, कबूल आहे ना? मला मोठे अलॉय हवे होते, तुम्ही म्हणालात आधी टायरवरचा चार आकडी कोड वाच. पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष, म्हणजे २३१४ असेल तर २०१४ चा २३ वा आठवडा. नक्षी मस्त शिल्लक होती पण रबर म्हातारं झालेलं, कडेला बारीक चिरा. अलॉयचा विषय तिथेच संपला, ओरिजिनल मापाचे नवीन टायर आले आणि गाडी खरंच वेगळी चालायला लागली. सीट कव्हरलाही तुम्ही नाही म्हणालात कारण साइड एअरबॅग सीटमध्येच आहे आणि वरून घट्ट कव्हर चढवलं तर ती उघडणार कशी. पटलं. एलईडी बल्बचंही पटलं, बल्बचा करंट कमी पडला की गाडीला वाटतं बल्ब गेला, मग रेझिस्टर लावा, तो तापणार, एवढं कशाला. हॅलोजनच ठेवले आणि पिवळ्या पडलेल्या काचा घासून वरून यूव्ही कोट मारला, तो नाही मारला तर परत पिवळ्या होतात. डॅशकॅम लावला पण तुमच्या अटींवर, लो व्होल्टेज कटऑफवालं किट, आणि वायर काचेशेजारच्या पिलरमधल्या एअरबॅगच्या मागून, पुढून नाही.

दरवाज्यातली अँबियंट लाइट मात्र मी लावलीच. तुम्हाला आवडली नाहीये, पण इग्निशनसोबत बंद होणाऱ्या फ्यूजवर आहे, रात्री परत करंट मोजला, आकडा जिथल्या तिथे. आणि दिसते छान, काहीही म्हणा.

तर दादा, मनापासून थँक्यू. तुम्ही या सगळ्यात माझ्याकडून काहीच घेतलं नाहीत, उलट मल्टिमीटर नीट धरायला शिकवलंत, आणि मी तेच तेच विचारलं तरी एकदाही चिडला नाहीत (अलॉय सोडून). सनरूफच्या पाण्याच्या नळ्या तुम्ही सांगितल्या तशा नायलॉनच्या दोरीने साफ केल्या, हवेचं प्रेशर मारलं नाही. आता पुढचं काम गिअरबॉक्सचं ऑइल. कागदावर लाइफटाइम लिहिलंय, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांत बदला म्हणते, आणि माझं त्याच्या कितीतरी पुढे गेलंय. लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइल ३० ते ५० डिग्रीत असतानाच बघायची ना? रविवारी फोन करतो, उचला.

तुमचा,
जुन्या सेडानवाला

ता.क. आज सकाळी १२.६. तुम्ही विचारणारच होतात.