वरळी कोळीवाडा भेट : रविवारी सकाळी ६.३०

जुन्या रहिवाशांनो, या रविवारी कोळीवाड्याच्या बसथांब्यावर जमायचं आहे. अमावास्या असल्याने ओहोटी सहाच्या सुमारास आणि भरती दुपारी बाराच्या आसपास. आठनंतर खडकांवर कुणीही थांबू नये. शेवाळावरून पाय घसरतो आणि पाणी मागच्या बाजूनेही येतं.

जुने फोटो आणा, पण अल्बम नको, सुट्या प्रती आणा. त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढायचे आहेत. जागा ओळखताना घरांवर भरवसा ठेवू नका, मजले चढलेत. किल्ल्याचा बुरूज धरा, तो हललेला नाही. फोनच्या कॅमेऱ्यात झूम २x ठेवा. साध्या १x ला दृश्य रुंद येतं, किल्ला लांब गेल्यासारखा दिसतो आणि जुन्या फोटोशी काही जुळत नाही. २००९ नंतरचा सागरी सेतू चौकटीत येणारच, तो टाळायला जागा बदलू नका.

• जाळी आणि वाळत घातलेली मासळी ओलांडू नका, वळसा घ्या.
• कोळणींचे, होड्यांचे फोटो विचारूनच.
• गाड्या आणू नका. गल्ल्या तेव्हाही अरुंद होत्या, आता स्कूटरही अडते.
• पकड असलेली पादत्राणं, पाणी.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं.