मेंदूच्या खेळांनी मोह आवरत नाही

परीक्षा संपल्या की ठाण्यात घोडबंदर रोडला काय नि इकडे वाशी-नेरूळला काय, मेंदूच्या खेळांतून मुलांचा संयम आणि निर्णयक्षमता वाढवून देणाऱ्या वर्गांची पत्रके वर्तमानपत्रातून घरात येतात. शुल्क भरण्याआधी पालकांनी एवढेच विचारावे : खेळातले गुण वाढले, पण खेळाबाहेर काय सुधारले, ते मोजले का? 2010 साली बीबीसीच्या मदतीने 11,430 जणांकडून सहा आठवडे असे खेळ करवून घेतले होते. सराव केलेल्या खेळात सगळे तरबेज झाले. त्याच्याशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या चाचण्यांत मात्र त्याचा उपयोग दिसला नाही. ‘ल्युमॉसिटी’ या अशाच खेळांच्या गाजलेल्या अ‍ॅपच्या कंपनीला तर फसव्या दाव्यांचे प्रकरण मिटवताना 2016 मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाकडे 20 लाख डॉलर भरावे लागले.

त्यापेक्षा वही-पेन बरे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या ‘जर-तर’ पद्धतीचा (‘अमुक खूण दिसली, तर तमुक करीन’ असे आधीच ठरवून ठेवण्याचा) 94 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2006 मध्ये निघाला आणि परिणाम मध्यम ते मोठा आढळला. ‘रोज अभ्यास करीन’ हा नुसता संकल्प झाला. ‘क्लासहून येऊन दप्तर खाली ठेवले, की मोबाइल आईच्या कपाटात ठेवून गणिताची वही उघडीन’ ही योजना. खूण ठळक हवी. ‘वेळ मिळाला की’ ही खूणच नव्हे, कारण वेळ मिळाल्याचे कोणाच्या लक्षातच येत नाही. ‘मोबाइल बघणार नाही’ असेही लिहू नये, त्याने मोबाइलच डोक्यात घोळतो. आणि एका वेळी एकच योजना. चार-पाच लिहिल्या की सगळ्याच ढिल्या पडतात. 21 दिवसांत सवय लागते, हेही सोडून द्या. लंडनमधल्या एका अभ्यासात निम्म्या लोकांना 66 दिवसांहून अधिक लागले.

मोठ्यांची सर्वांत महागडी घाई आपल्याकडे सॅम्पल फ्लॅटमध्ये होते. तिथे जाण्याआधी घरीच दोन गोष्टी लिहाव्यात : ईएमआयची कमाल रक्कम, आणि ‘तीन वर्षांनी हा व्यवहार फसला असे धरले, तर कशामुळे?’ याची दोन-तीन कारणे. ताबा लांबला, एकाची नोकरी गेली, पाणी टँकरवर आले. दहा कारणे काढायला बसू नये. चौथ्या-पाचव्याला अडले की ‘म्हणजे धोका फारसा नाहीच’ असे वाटू लागते. साइटवर गेल्यावर हे सुचत नाही, कारण तोवर पसंती झालेली असते आणि डोके तिच्याच बाजूचे पुरावे गोळा करत असते. चेकबुक घरी ठेवावे, यूपीआयची मर्यादा आदल्या दिवशीच उतरवावी. ‘आजच बुक करा, उद्या भाव वाढेल’ असे कोणी म्हणालेच, तर नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याचे कलम 13 त्याला तिथेच ऐकवावे.

– मानसशास्त्राचे दोन अध्यापक, नौपाडा, ठाणे